जग २२ ऑक्टोबरला संपणार होतं, म्हणून लोकांनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. विल्यम मिलरची गोष्ट

अमुक तारखेला जग बुडणार, असा मेसेज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ना कधी आलाच असेल. २०१२ मध्ये माया संस्कृतीच्या कॅलेंडरचा हवाला होता. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन रेडिओ प्रवचनकाराने २१ मे ही तारीख दिली होती, तिचे मोठमोठे फलक लागले होते. तारीख येते, जाते, आपण मीम शेअर करतो आणि विसरतो.

पण १८४४ मध्ये अमेरिकेत अशीच एक तारीख आली, तेव्हा हजारो माणसं खरोखर सगळं आवरून बसली होती. कुणी दुकान बंद केलं होतं, कुणी कर्जं फेडून टाकली होती, कुणी उभं पीक शेतात सोडलं होतं. येशू ख्रिस्त आज परत येणार, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक शेतकरी होता. त्याचं नाव विल्यम मिलर. तो बुवा नव्हता, त्याला दृष्टान्त होत नव्हते, चमत्कार करण्याचा दावाही त्याने कधी केला नाही. त्याने फक्त एक हिशोब मांडला होता.

आधी थोडं बॅकग्राउंड

येशू मरणातून उठला, स्वर्गात गेला आणि एक दिवस परत येणार, हे जवळपास सगळेच ख्रिस्ती पंथ मानतात. कॅथलिक असोत, ऑर्थोडॉक्स असोत की प्रोटेस्टंट, यावर एकमत आहे. नाताळच्या आधीचे चार आठवडे चर्चमध्ये आगमनकाळ पाळला जातो. त्यात बेथलेहेममधल्या जन्माची तयारी असते, तशी या पुढच्या येण्याचीही आठवण असते. वसईत आणि गोव्यातही हा काळ पाळला जातो.

मतभेद सुरू होतात ते कधी आणि कसा या दोन प्रश्नांवर.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. ही हजार वर्षं खरीखुरी की प्रतीकात्मक? ख्रिस्त त्यांच्या आधी येणार की नंतर? या प्रश्नांवर ख्रिस्ती विचारवंत शतकानुशतकं वाद घालत आलेत.

मिलरच्या काळातल्या अमेरिकेत बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळींना वाटायचं, की जग हळूहळू सुधारत जाईल, धर्मप्रसार होईल, दारू सुटेल, गुलामगिरी संपेल, असं सुवर्णयुग येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. म्हणजे आपण कामाला लागायचं, वेळ भरपूर आहे.

मिलर नेमकं उलटं सांगत होता. ख्रिस्त आधी येणार, अचानक येणार आणि फार लवकर येणार.

पुस्तकांचं वेड असलेला मुलगा

विल्यम मिलरचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफिल्ड गावचा. वडील स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, आईचे वडील बॅप्टिस्ट पाळक. १६ भावंडांमध्ये हा थोरला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनला गेलं. तिथे जंगल तोडून शेती करायची होती.

घरात पैसा नव्हता आणि पुस्तकंही मोजकीच. सुरुवातीचं शिक्षण आईनेच दिलं. नंतर वर्षातले थोडे महिने शाळा. पोरगा वाचनवेडा होता. रात्री सगळे झोपले, की चुलीत पाइनच्या लाकडाचे तुकडे पेटवून त्या उजेडात वाचत बसायचा. गावातल्या शिकलेल्या लोकांकडून पुस्तकं मागून आणायचा. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. पुढे मोठमोठे धर्मशास्त्री त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा हा मुद्दा त्यांनी हमखास काढला.

१८०३ मध्ये ल्युसी स्मिथशी लग्न झालं आणि तो शेजारच्या व्हरमाँट राज्यातल्या पोल्टनीला गेला. तिथे सार्वजनिक वाचनालय होतं, म्हणजे त्याची चंगळच. आणि इथेच त्याचा धर्मावरचा विश्वास उडाला.

व्हॉल्टेअर, डेव्हिड ह्यूम, थॉमस पेन या लेखकांची पुस्तकं त्याने वाचली. गावातले त्याचे मित्रही त्याच विचारांचे. त्यांच्या मते देव आहे, पण त्याने जग घडवलं आणि नियमांवर सोडून दिलं. तो रोजच्या कारभारात पडत नाही, चमत्कार करत नाही, बायबल हे माणसांनी लिहिलेलं पुस्तक आहे. या विचाराला डीइझम म्हणतात. मिलर हा विचार मनापासून मानू लागला. आजोबा पाळक, काका पाळक आणि हा त्यांच्या बोलण्याची नक्कल करून मित्रांना हसवायचा.

बाकी माणूस गावात वजनदार झाला होता. जमीन होती, सरकारी पदं मिळाली होती, लोक विश्वास ठेवत होते.

युद्धात पडलेला प्रश्न

१८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं. मिलर सैन्यात कॅप्टन झाला. त्याच वर्षी त्याचे वडील वारले. आसपास माणसं मरत होती आणि त्याला एक प्रश्न सोडेना. मेल्यावर पुढे काय? डीइझमकडे याचं समाधान होईल असं उत्तर नव्हतं.

११ सप्टेंबर १८१४ ला शँप्लेन सरोवराकाठच्या प्लॅट्सबर्गला मोठी लढाई झाली. ब्रिटिश फौज संख्येने कितीतरी मोठी होती. एक तोफगोळा मिलरपासून अगदी हाताच्या अंतरावर फुटला. जवळचे सैनिक जखमी झाले, एक मेला. मिलरला ओरखडाही आला नाही. लढाई अमेरिकेने जिंकली.

जिंकण्याची काहीच शक्यता नसताना आपण जिंकलो कसे, वाचलो कसे, हे त्याला उलगडेना. देव जगात लक्ष घालत नसेल, तर हे झालं कसं?

युद्धानंतर तो लो हॅम्प्टनला परतला. वडिलांच्या शेतावरचं कर्ज फेडलं, आईजवळ राहायची सोय केली. आईच्या समाधानासाठी चर्चला जाऊ लागला. पाळक नसला की तिथले सेवक छापील प्रवचन वाचून दाखवायचे. ते नीट वाचत नाहीत, असं मिलरला वाटायचं, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. १८१६ मध्ये असंच एक प्रवचन वाचताना त्याला भरून आलं, पुढे वाचताच येईना. त्या दिवसापासून तो पुन्हा ख्रिस्ती झाला.

डीइस्ट मित्रांनी त्याला धारेवर धरलं. बायबलमध्ये इतक्या विसंगती आहेत, त्यांचं काय? कालपर्यंत हे प्रश्न तो स्वतःच दुसऱ्यांना विचारत होता. त्याने मित्रांकडे वेळ मागितला आणि अभ्यासाला बसला.

२,३०० दिवसांचं गणित

मिलरची पद्धत साधी होती. उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. एक ओळ कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. अडलं, की तोच शब्द बायबलमध्ये आणखी कुठे कुठे आलाय, ते शब्दसूचीत शोधायचं आणि अर्थ लावायचा. दुसऱ्या कुणाचं भाष्य वाचायचं नाही. दोन वर्षं हे चाललं.

जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एक वाक्य आहे. त्यात २,३०० संध्याकाळ-सकाळ झाल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल, अशा अर्थाचा उल्लेख येतो. मिलर इथे थांबला.

त्याने चार गोष्टी गृहीत धरल्या.

एक, भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे खरं एक वर्ष. गणना आणि यहेज्केल या पुस्तकांमधल्या दोन उल्लेखांचा याला आधार होता. मिलरच्या आधीच्या अनेक प्रोटेस्टंट अभ्यासकांनीही हे मानलं होतं.

दोन, मोजणी इ.स.पूर्व ४५७ पासून सुरू होते. त्या वर्षी पर्शियाचा राजा अर्तहशश्त याने यहुद्यांना यरुशलेमसाठी फर्मान दिलं होतं.

तीन, पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी.

चार, ती शुद्ध होणार म्हणजे ख्रिस्त परत येणार आणि हे पापी जग अग्नीत जाणार.

आता हिशोब करा. २,३०० मधून ४५७ वजा केले, की उरतात १,८४३.

त्याने पडताळणीही केली. दानीएलच्या नवव्या अध्यायात ७० आठवड्यांचा उल्लेख आहे, म्हणजे ४९० दिवस, म्हणजे ४९० वर्षं. ती येशूच्या मृत्यूपाशी, इ.स. ३३ ला संपतात, असं त्याने धरलं. २,३०० मधून ४९० गेले, १,८१० राहिले. त्यात ३३ मिळवले, पुन्हा १,८४३!

हे उत्तर त्याला १८१८ मध्ये मिळालं. म्हणजे जगाच्या हातात फक्त २५ वर्षं होती.

विचार करा, तुमच्यासमोर असं गणित सुटलं तर तुम्ही काय कराल? मिलर गप्प बसला. एक-दोन नव्हे, तब्बल १३ वर्षं. आपलं कुठे चुकत असेल, असं त्याला वाटत राहिलं. १८२३ पर्यंत तो आपल्याच निष्कर्षावर आक्षेप घेत, उत्तरं शोधत बसला होता. कुणी विचारलं तर सांगायचा, स्वतःहून व्यासपीठावर जायचा नाही. आपण शेतकरी, आपल्याला बोलता येत नाही, हे त्याचं ठरलेलं कारण. पण आत टोचणी होतीच. हे खरं असेल आणि आपण लोकांना सांगितलं नाही, तर त्यांचं पाप कुणाच्या माथी?

मॅपलच्या झाडांमधला शनिवार

ऑगस्ट १८३१ मधला एक शनिवार. टोचणी असह्य झाली, तेव्हा मिलरने देवाशी एक सौदा केला. कुणी स्वतःहून बोलवायला आलं, तर मी जाईन. पन्नाशीला आलेल्या शेतकऱ्याला कोण बोलावणार, म्हणून त्याला हायसं वाटलं.

अर्ध्या तासात दारावर थाप पडली. बहिणीचा मुलगा ड्रेस्डेनहून आला होता. उद्या रविवारी आमच्याकडे पाळक नाहीत, मामांनी येऊन बायबलमधला त्यांचा अभ्यास सांगावा, असा निरोप होता.

मिलर एक शब्द न बोलता तडक बाहेर पडला आणि घराजवळच्या मॅपलच्या राईत गेला. स्वतःवरच चिडला होता. शब्द दिला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. शेवटी परत आला आणि भाच्याबरोबर निघाला. रविवारी बोलला. लोकांनी त्याला आठवडाभर जाऊ दिलं नाही.

तिथून आमंत्रणं थांबलीच नाहीत. १८३२ मध्ये एका बॅप्टिस्ट वृत्तपत्रात त्याचे लेख आले. १८३३ मध्ये बॅप्टिस्टांनी त्याला प्रवचनाचा परवाना दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या आकाशात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला आणि लोकांना वाटलं, बायबलमधली चिन्हं दिसू लागली. १८३६ मध्ये त्याची व्याख्यानं पुस्तकरूपात आली.

तरीही १८३९ पर्यंत हे सगळं खेड्यापाड्यांतच चाललं होतं.

मग आला मार्केटिंगचा माणूस

नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटरला मिलरला जोशुआ हाइम्स भेटला. हा बोस्टनचा पाळक, गुलामगिरीविरोधी चळवळीतला कार्यकर्ता, माणसं आणि पैसा उभा करण्यात पटाईत. तुमचा यावर खरंच विश्वास असेल तर तुम्ही मोठ्या शहरांत का जात नाही, असं त्याने मिलरला विचारलं. मला कुणी बोलावलंच नाही, हे मिलरचं उत्तर. डिसेंबरमध्ये मिलर बोस्टनमध्ये बोलत होता.

हाइम्सने काय केलं, ते आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट व्हायरल केला. १८४० मध्ये वृत्तपत्र सुरू केलं, मग न्यूयॉर्कमध्ये दुसरं. स्वस्त पुस्तिका लाखोंच्या संख्येने छापल्या. १८४२ मध्ये चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी एक भलामोठा तक्ता तयार केला. त्यावर दानीएलच्या स्वप्नातला पुतळा, श्वापदं आणि आकडे होते, आणि बेरीज थेट १,८४३ वर येत होती. आज आपण ज्याला इन्फोग्राफिक म्हणतो, तेच. गावाबाहेरच्या माळावर शिबिरं भरू लागली. सुमारे चार हजार लोक मावतील असा अवाढव्य तंबू शहराशहरांत फिरू लागला.

अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ कोटी ७० लाख होती. त्यातले ५० हजार ते १ लाख लोक मिलरचं म्हणणं मानत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ते बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा सगळ्या पंथांतले होते. मिलरला वेगळा पंथ काढायचाच नव्हता. आपापल्या चर्चमध्ये राहा, फक्त तयार राहा, एवढंच त्याचं म्हणणं.

विरोधकांचा सगळ्यात मोठा आक्षेप बायबलमधलाच होता. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशूने सांगितल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. मग हा शेतकरी कोण लागून गेला? यावर मिलरचं उत्तर असं, की दिवस आणि घटका कळणार नाही, पण वर्ष कळू शकतं. म्हणून कित्येक वर्षं तो साधारण १८४३ च्या सुमारास, इतकंच म्हणायचा.

पण वर्ष जवळ आलं, तसा लोकांचा दबाव वाढला. जानेवारी १८४३ मध्ये त्याने यहुदी वर्षाच्या हिशोबाने चौकट दिली. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या काळात कधीही.

त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये भर दिवसाही दिसेल असा धूमकेतू आकाशात आला. लोकांची उरलीसुरली शंका गेली. मिलर स्वतः मात्र त्या वसंतात अंगभर गळवं होऊन अंथरुणाला खिळला होता.

तारीख पे तारीख

२१ मार्च १८४४ आला आणि गेला. काहीही झालं नाही.

अनुयायांनी दुसरी यहुदी कालगणना धरून १८ एप्रिल काढली. तीही गेली. मिलरने आपला अंदाज चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं, पण ख्रिस्ताचं येणं जवळ आहे, यावर तो ठाम राहिला.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण ऑगस्टमध्ये एक्झेटरजवळच्या शिबिरात सॅम्युएल स्नो नावाचा माणूस उभा राहिला. त्याचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं. इ.स.पूर्व १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, त्यामुळे बेरीज १८४३ नाही, १८४४ ला पूर्ण होते. आणि जुन्या करारात पवित्रस्थान शुद्ध करण्याचा एक ठरलेला सण आहेच. तो म्हणजे सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीचा प्रायश्चित्ताचा दिवस. कॅराइट यहुद्यांच्या कालगणनेनुसार तो त्या वर्षी येत होता २२ ऑक्टोबरला.

नेमकी तारीख मिळाल्यावर वणवा पेटला. मिलर आणि हाइम्स, दोघंही आधी याच्या विरोधात होते. दिवस कळणार नाही, हेच तर मिलर इतकी वर्षं सांगत होता. पण चळवळ आता त्याच्या हातात राहिली नव्हती. लोक ज्या तळमळीने एकमेकांची क्षमा मागत होते, उधाऱ्या चुकत्या करत होते, ते पाहून यामागे देवाचाच हात असावा, असं त्यालाही वाटू लागलं. ६ ऑक्टोबरला, म्हणजे अवघे १६ दिवस राहिले असताना, त्याने ही तारीख स्वीकारली.

१४ ऑक्टोबरला चार्ल्स फिच वारला. थंडगार पाण्यात उभं राहून लोकांना बाप्तिस्मा देताना त्याला ताप भरला होता. ख्रिस्त आला की मेलेले विश्वासणारे उठणार, ही त्यांची श्रद्धा. म्हणजे त्याच्या घरच्यांच्या हिशोबाने हा वियोग फक्त आठ दिवसांचा होता.

२२ ऑक्टोबर १८४४. मंगळवार. लोक घरांत, सभागृहांत जमले. मिलर लो हॅम्प्टनला आपल्या घरी होता. सूर्य मावळला. मध्यरात्र झाली. काही जण पहाटेपर्यंत रडत बसले होते.

२३ तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली.

दुसऱ्या दिवसाचं काय?

इतिहासात या दिवसाला महानिराशा म्हणतात. अजून वर गेला नाहीस का, असं लोक रस्त्यात अडवून विचारायचे. काही ठिकाणी मिलरवाद्यांच्या सभागृहांची मोडतोड झाली. पांढरे झगे घालून लोक छपरांवर, टेकड्यांवर चढले होते, अशा बातम्या छापून आल्या. झग्यांच्या या कथेला भक्कम पुरावा सापडत नाही. पण ती इतकी मजेदार होती, की खरी-खोटी न पाहता पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. फेक न्यूज तेव्हाही होत्या.

शेतकऱ्यांसमोर हिवाळा होता आणि कोठारं रिकामी. न्यू हॅम्पशायरच्या लेनर्ड हेस्टिंग्ज नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी आजही सांगतात. त्याने बटाटे काढलेच नव्हते. शेजाऱ्यांनी वेळेवर काढलेले बटाटे रोगाने सडले, याचे उशिरा काढलेले टिकले आणि चांगल्या भावाला गेले म्हणे. पण असा हेस्टिंग्ज एखादाच. बाकीच्यांना शेजाऱ्यांच्या आणि चळवळीतल्या सोबत्यांच्या मदतीवर दिवस काढावे लागले.

आणि मिलर?

तो पळाला नाही. नवी तारीख काढून लोकांना आणखी झुलवलंही नाही. १८४५ मध्ये त्याने आपली बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. आपण वेळ ठरवण्यात चुकलो, हे त्यात स्वच्छ मान्य केलं. ख्रिस्त येणार, ही आशा सोडायला मात्र तो तयार नव्हता. त्याच वर्षी लो हॅम्प्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीने, जिथे प्रवचन वाचताना त्याचा गळा दाटला होता, त्याला आणि त्याच्या साथीदारांना काढून टाकलं.

१८४८ मध्ये त्याने आपल्या शेताजवळ एक छोटं लाकडी प्रार्थनागृह बांधलं. ते आजही उभं आहे. तोपर्यंत त्याची दृष्टी जात चालली होती. चुलीच्या उजेडात वाचत मोठा झालेला हा माणूस शेवटी स्वतः वाचू शकत नव्हता. २० डिसेंबर १८४९ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी तो गेला. शेवटच्या दिवसांत हाइम्स त्याला भेटायला आला होता.

एकाच निराशेतून निघालेल्या वाटा

मिलरनंतर त्याचे अनुयायी फुटले आणि इथेच पुनरागमनाबद्दलचे मतभेद सगळ्यात स्पष्ट दिसतात. प्रत्येकाने त्या रिकाम्या दिवसाचा वेगळा अर्थ लावला.

बहुतेक जण गुपचूप जुन्या चर्चमध्ये परतले किंवा धर्मच सोडून बसले. काहींनी पुढच्या तारखा काढणं चालू ठेवलं.

एका गटाने वेगळाच विचार केला. २३ ऑक्टोबरच्या सकाळी हायरम एडसन नावाचा शेतकरी मक्याच्या शेतातून चालला होता. तारीख बरोबर होती, घटना आपण चुकीची समजलो, असं त्याला सुचलं. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी नव्हेच, ते स्वर्गात आहे आणि २२ ऑक्टोबरला ख्रिस्ताने तिथल्या सेवेचा शेवटचा टप्पा सुरू केला. जोसेफ बेट्स, जेम्स व्हाइट आणि त्यांची पत्नी एलन व्हाइट यांनी या विचाराला शनिवारच्या शब्बाथाची जोड दिली. १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची अधिकृत स्थापना झाली. मिलरने स्वतः हा अर्थही शेवटपर्यंत स्वीकारला नाही आणि शनिवारचा शब्बाथही नाही.

आज या चर्चचे जगभरात २ कोटींहून जास्त सभासद आहेत. तुमच्या नाश्त्याच्या वाटीतल्या कॉर्नफ्लेक्समागचे डॉ. जॉन हार्वी केलॉग याच चर्चच्या आरोग्यधामात काम करायचे. आणि पुण्यातलं स्पायसर कॉलेज, म्हणजे आताचं स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ, याच चर्चचं. १९१५ मध्ये दक्षिण भारतात सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. मिलरच्या हिशोबाचा एक धागा असा थेट पुण्यापर्यंत येतो.

यहोवाचे साक्षीदार हा दुसरा फाटा. त्यांचा संस्थापक चार्ल्स टेझ रसेल मिलरनंतरच्या अ‍ॅडव्हेंटिस्ट विचारांतून घडला. या पंथाच्या मते ख्रिस्ताने १९१४ मध्ये स्वर्गात राज्य सुरू केलं, ते डोळ्यांना दिसत नाही इतकंच.

गंमत म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरच्या बहाई लोकांच्या मते मिलरचं वर्ष अगदी बरोबर होतं. मे १८४४ मध्ये इराणमधल्या शिराझ शहरात बाब यांनी आपलं धर्मकार्य जाहीर केलं. मिलर अमेरिकेच्या आकाशाकडे पाहत राहिला, घटना इराणमध्ये घडली, असं ते मानतात.

आजच्या अमेरिकन टीव्हीवर आणि कादंबऱ्यांत जी रॅप्चरची कल्पना दिसते, म्हणजे विश्वासणारे एका क्षणात अचानक उचलले जाणार आणि बाकीच्यांवर सात वर्षं संकटं येणार, ती मिलरची नाही. ती मिलरचाच समकालीन असलेल्या जॉन नेल्सन डार्बी या पाळकाच्या विचारातून पसरली. डार्बीच्या वाटेने जाणारे लोक इस्रायलमधल्या घडामोडींकडे बारीक लक्ष ठेवून असतात. मिलरच्या गणितात आधुनिक यहुदी राष्ट्राला काहीच जागा नव्हती.

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रोटेस्टंट चर्च पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनच्या वळणाने जातात. हजार वर्षं प्रतीकात्मक आहेत, चर्चचा सध्याचा काळ म्हणजेच ती, ख्रिस्त येणार हे नक्की, तारीख काढत बसू नका. तर काही अभ्यासकांना वाटतं, की यातल्या बऱ्याच भविष्यवाण्या इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम उद्ध्वस्त केलं तेव्हाच पूर्ण झाल्या.

मग मिलर होता कोण?

त्याला भोंदू म्हणणं सोपं आहे, पण पुरावे तसं सांगत नाहीत. या सगळ्यातून त्याने संपत्ती जमवली नाही, शिष्यांना आपल्या पाया पडायला लावलं नाही. बेरीज-वजाबाकीत तो चुकला, असंही म्हणता येत नाही. शून्य वर्षाचा गोंधळ सोडला, तर आकडेमोड नीट आहे. चुकीची होती ती गृहीतकं, आणि ती तपासायला त्याने दुसऱ्या कुणाचं वाचायचंच नाही, असं आधी ठरवून टाकलं होतं. शिवाय जी तारीख त्याला स्वतःला पटत नव्हती, ती त्याने लोकांचा उत्साह पाहून मान्य केली. ज्यांनी शेतं सोडली, त्यांच्यासाठी त्याचं नाव हाच सगळ्यात मोठा भरवसा होता.

त्याच्या नावाशी जोडलेलं सगळ्यात मोठं चर्च आज ख्रिस्त लवकर येणार, असंच शिकवतं. नावातला अ‍ॅडव्हेंट हा शब्द म्हणजे आगमन. तारीख मात्र ते चर्च देत नाही.